तीस हजार माणसं, दोन रग्बी युनियन: मग बिघडलं कुठे?

न्यूझीलंडमधे रग्बीचा हिशोब तुटीत गेला की एक वाद ठरल्यासारखा वर येतो. बावन्न-त्रेपन्न लाख लोकांच्या देशाला सव्वीस प्रांतिक युनियन हव्यात कशाला? यावेळी निमित्त झालं ते कारभाराच्या भांडणाचं. २०२३ च्या ऑगस्टमधे डेव्हिड पिल्किंग्टन यांच्या समितीचा रिपोर्ट आला आणि त्यात न्यूझीलंड रग्बी या देशाच्या मुख्य संघटनेचा सध्याचा कारभार आजच्या काळाच्या कामाचा नाही असं सरळच लिहिलं होतं. मग २०२४ च्या मे महिन्यात बोर्डावर कुणी बसायचं यावरून प्रांतिक युनियन एका बाजूला आणि प्रोफेशनल खेळाडूंची संघटना दुसऱ्या बाजूला अशी जुंपली. खेळाडूंनी आम्ही वेगळी चूल मांडतो म्हणून सांगितलं, तरी शेवटी युनियनचाच ठराव पास झाला, आणि झालं, ज्याला त्याला छोट्या युनियनवर तोंडसुख घ्यायला कारण मिळालं. वेस्ट कोस्टला तीस-बत्तीस हजार लोक आणि युनियन दोन? रुआतोरियासारख्या खेड्यात ऑफिस असलेली युनियन देशाच्या रग्बीचं भवितव्य ठरवणार? (मोठ्या युनियनना मतं जास्त असतात हो, पण ते ऐकायला कुणाला वेळ आहे.) ऑकलंडमधली आपली मराठी मंडळीसुद्धा पॉटलकला जमली की पुरणपोळीच्या ताटावर हेच ऐकवतात, "अरे मर्ज करून टाका ना सगळं, एवढ्याशा गावांचे लाड किती करायचे."

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑफिसं एकत्र करायची असतील तर खुशाल करा, अकाउंट्स एका ठिकाणी ठेवा, कोचिंगला दोन युनियनमधे मिळून एकच माणूस ठेवा, माझी काही हरकत नाही. टीमला मात्र हात लावू नका, जर्सीला लावू नका, आणि त्या त्या गावात वर्षातून चार वेळा होणाऱ्या मॅचला तर अजिबात लावू नका. आणि हे मी 'उद्याचा ऑल ब्लॅक, म्हणजे देशाच्या टीमचा खेळाडू, याच मातीतून येणार' वगैरे म्हणून सांगत नाहीये. तो मुद्दा माझ्या मते साफ चुकीचा आहे आणि छोट्या युनियनची बाजू घेणारेच तो वापरून स्वतःची केस बिघडवतात. या वादात दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारतायत, या खेड्यातल्या रग्बीचा वरच्या रग्बीला उपयोग काय? एक म्हणते काही नाही, दुसरी म्हणते खूप आहे. पण प्रश्नच चुकला असेल तर दोन्ही उत्तरांना काय अर्थ?

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथली युनियन म्हणजे आपल्याकडच्या मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ क्रिकेट असोसिएशनसारखी, जिल्ह्याजिल्ह्यातले क्लब सांभाळायचे आणि वर एक निवडक टीम उतरवायची. १९७६ पासून या युनियनची राष्ट्रीय चॅम्पियनशिप चालू झाली, वेगवेगळ्या डिव्हिजनमधे. १९९५ च्या ऑगस्टमधे आंतरराष्ट्रीय बोर्डाने रग्बी प्रोफेशनल केलं आणि मग पैसेवाल्या आणि बिनपैशाच्या युनियन एकाच शिडीवर उभ्या आहेत हे सोंग फार दिवस टिकलं नाही. २००६ ला ती शिडीच काढून टाकली. चौदा युनियन प्रोफेशनल स्पर्धेत गेल्या आणि उरलेल्या बारा हार्टलँड चॅम्पियनशिपमधे. हार्टलँड म्हणजे हौशी रग्बी, पगार नाही. वरच्या चार टीम मीड्स कपसाठी खेळतात, त्यांच्या खालच्या चार लोखोर कपसाठी. एक कप किंग कंट्रीच्या कॉलिन मीड्सच्या नावाने, दुसरा वायरारापाच्या ब्रायन लोखोरच्या, दोघेही शेतकरी, दोघेही ऑल ब्लॅक.

आता नकाशा बघा, कारण हा सगळा वाद नकाशा न बघता चालतो. दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा, एका बाजूला सदर्न आल्प्स, दुसऱ्या बाजूला टास्मान समुद्र, मधे चिंचोळी हिरवी पट्टी. क्षेत्रफळ तेवीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका चौरस किलोमीटरमधे दीड माणूससुद्धा धड नाही. पाऊस असा की होकिटिकासारख्या समुद्रकाठच्या गावातच वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल, फक्त तो बारा महिने पडतो. इथे वेस्टपोर्टला बुलर युनियन आणि ग्रेमाउथला वेस्ट कोस्ट युनियन. दोन्हींच्या मधे शंभर किलोमीटरचा समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता. खाली हास्टला राहणाऱ्या पोराला ग्रेमाउथला प्रॅक्टिसला यायचं तर एका बाजूचे तीनशे किलोमीटर. उत्तर बेटाच्या पूर्व टोकाला ईस्ट कोस्ट युनियन, आता नाव नगाटी पोरोउ ईस्ट कोस्ट, घरचं मैदान रुआतोरियाचं वाकारुआ पार्क. तिथून जवळचं शहर म्हणजे गिझबोर्न, ते सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, रस्ता एकच. २०२३ च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ आलं तेव्हा टोलागा बेच्या वर हिकुवाई नदीवरचा पूलच वाहून गेला आणि तो एकुलता एक रस्ता तुटला. कागदावर ईस्ट कोस्ट आणि पॉव्हर्टी बे (गिझबोर्नची युनियन) शेजारी आहेत खरे.

आता विरोधी बाजूचे मुद्दे, आणि ते फालतू नाहीत. पहिला म्हणजे माणसंच उरलेली नाहीत. वेस्ट कोस्टवरच्या पाइक रिव्हर खाणीत २०१० च्या नोव्हेंबरमधे स्फोट होऊन एकोणतीस जण गेले, त्यानंतर तिथल्या कोळशाला उतरती कळाच लागली. वेस्टपोर्टजवळचा सिमेंटचा कारखाना २०१६ ला बंद झाला. अशा ठिकाणचा अठरा वर्षांचा पोरगा क्राइस्टचर्चला शिकायला जातो नाहीतर ऑस्ट्रेलियात कामाला, आणि परत येत नाही. गावातल्या क्लबला शनिवारी पंधरा जण जमवताना नाकी नऊ येतात, राखीव खेळाडूंचं तर नावच काढू नका. हे खरं आहे आणि जे लोक 'आमच्या वेळी चार-चार टीम असायच्या' म्हणत बसतात ते त्यावर काही उपाय सांगत नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, सुरक्षिततेचा. रग्बीत स्क्रम म्हणजे दोन्ही टीमचे गडी डोकी घुसवून एकमेकांना ढकलतात ती झुंज, तिच्या पहिल्या रांगेत जे तीन जण असतात त्यांच्या मानेवर आठ-आठ माणसांचा जोर येतो, तिथे 'चल रे तू उभा राहा' म्हणून कुणालाही घुसवता येत नाही. शिकलेला, सवयीचा माणूस लागतो, आणि तो नसेल तर रेफ्री नुसतं उभं राहायचं, ढकलायचं नाही असं स्क्रम लावतो. पंधराशे वस्तीच्या परिसरात असे सहा प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेतले गडी, कुठून आणायचे? आणि मॅच अगदीच एकतर्फी झाली की थकलेली टीम चुकीच्या पद्धतीने टॅकल करायला लागते आणि तिथे माणसं जायबंदी होतात. ईस्ट कोस्टचंच घ्या, २०१२ ला मीड्स कप जिंकला आणि त्यानंतर पुढे असे सीझन आले की एकही मॅच जिंकता आली नाही, एक नाही, कित्येक सीझन. दर शनिवारी मार खायला पोरं पाठवायची आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे बरोबर आहे का? असं कुणी विचारलं तर गप्प बसण्यासारखा प्रश्न आहे.

तिसरा मुद्दा टास्मानचा, आणि विलीनीकरणवाले तो हुकमाच्या एक्क्यासारखा टाकतात. नेल्सन बेज आणि मार्लबरो या दोन युनियन २००५ च्या शेवटी एकत्र होऊन टास्मान झाली, आणि त्याच टास्मानने २०१९ आणि २०२० ला लागोपाठ देशाची प्रांतिक स्पर्धा जिंकली. दोन दुबळ्यांचा एक चॅम्पियन झाला ना, मग बुलर आणि वेस्ट कोस्टला काय हरकत आहे?

इथून सुरू करू. टास्मान जमली कारण नेल्सन आणि ब्लेनिम ही दोन्ही चांगली मोठी गावं आहेत, मागे वाइनचा आणि मासेमारीचा पैसा आहे, आणि मुख्य म्हणजे ती प्रोफेशनल टीम होती. खेळाडूला पगार असेल तर तो ब्लेनिमहून नेल्सनला जाऊन राहील, तो त्याचा जॉब आहे. हौशी टीमचा लॉक, म्हणजे स्क्रममधला दुसऱ्या रांगेतला गडी, पहाटे चारला गाई पिळतो, दिवसभर कुंपणं दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो. त्याला तुम्ही आठवड्यातून दोनदा शंभर किलोमीटर जा आणि शंभर किलोमीटर या म्हटलात तर तो एक महिना येईल, दुसऱ्या महिन्यात बायको विचारेल आणि तिसऱ्या महिन्यात तो टीममधे नसेल. म्हणजे एकत्र टीममधे दोन्हीकडचे सगळ्यात चांगले खेळाडू येणार हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात ज्या गावात प्रॅक्टिस ठेवाल त्या गावाची टीम होणार आणि दुसऱ्या गावाचं रग्बी तिथेच संपणार. शिवाय टास्मानची गोष्ट सांगणारे मधलं एक पान उलटून जातात. २००८ ला याच टास्मानला नॉर्थलँडबरोबर वरच्या स्पर्धेतून काढायचं ठरलं होतं, आरडाओरडा झाला म्हणून महिन्याभरात निर्णय फिरवला. विलीन व्हा म्हणजे सुरक्षित राहाल, असं आश्वासन देणाऱ्यांनी तीन वर्षांच्या आत विलीन झालेल्यांवरच कुऱ्हाड उचलली होती.

आणि टास्मान आठवते तर सेंट्रल व्हायकिंग्ज का नाही आठवत? हॉक्स बे आणि मानावाटू यांनी १९९७ ला एकत्र टीम काढली, दोन्ही काही हार्टलँडसारख्या लहान युनियन नव्हेत, १९९८ ला त्यांनी दुसरी डिव्हिजन जिंकलीसुद्धा, आणि तरी वर जायला मिळालं नाही, पैशाचं गणित बसलं नाही, टीम मोडली. लोक पुन्हा आपापल्या जर्सीकडे गेले. त्याच हॉक्स बेने स्वतःच्या नावावर २०१३ ला ओटागोकडून रॅनफर्ली शील्ड, म्हणजे प्रांतिक युनियन एकमेकींकडून जिंकून नेतात ती मानाची ढाल, आणली. मग सेंट्रल व्हायकिंग्जच्या नावाने आज कोण टाळ्या वाजवतं? त्या नावाचं गावच नव्हतं तर वाजवणार तरी कोण.

बरं, एकत्र खेळायला कुणाचा विरोध आहे असंही नाही, हे तर उलट छोट्या युनियननीच आधी केलंय. परदेशी टीम टूरवर आली की वेस्ट कोस्ट आणि बुलर एकत्र उतरायचे. १९६६ ला वांगानुई आणि किंग कंट्री यांच्या एकत्र टीमने ब्रिटिश लायन्सना, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक टीमला, १२-६ हरवलं होतं, मीड्स त्यात होताच. पण दुसऱ्या दिवसापासून वांगानुई वांगानुई आणि किंग कंट्री किंग कंट्री. खाली क्लबच्या पातळीवर बुलरमधे नगाकावाउ-कारामेआ असा जोडनावाचा क्लब आहे, ते नावच सांगतं की दोन वस्त्यांनी कुणीही वरून न सांगता आपापसात ठरवून टाकलं. दूरवरच्या लोकांना एकत्र येणं कळत नाही आणि राजधानी वेलिंग्टनमधल्या कन्सल्टंटने येऊन शिकवायला पाहिजे, हा जो सूर असतो ना, तो मला सगळ्यात जास्त खटकतो.

आता मी म्हटलं तसं आमच्याच बाजूच्या लोकांकडे वळतो. त्यांचं आवडतं भाषण म्हणजे, मीड्स कुठला? 'ते कुईटी' गावचा. कर्कपॅट्रिक कुठला? पॉव्हर्टी बेचा. रिची मकॉ कुठला? कुरोचा, नॉर्थ ओटागो. म्हणून हार्टलँड वाचवा, ही ऑल ब्लॅक पिकवणारी जमीन आहे. ऐकायला झकास, पण मीड्स किंग कंट्रीकडूनच जन्मभर खेळून पंचावन्न टेस्ट खेळला कारण तेव्हा रग्बीत पैसाच नव्हता, सगळेच हौशी होते, त्यामुळे 'ते कुईटी'त राहून मेंढ्या सांभाळत देशाकडून खेळता येत होतं. मकॉ हाकाटारामेआ खोऱ्यातला खरा, पण तो शाळेतच डनेडिनला बोर्डिंगला गेला, पुढे कँटरबरीला, आणि नॉर्थ ओटागोच्या वाट्याला त्याची फक्त जन्मभूमी आली. आज मीड्स जन्मला तर पंधराव्या वर्षी त्याला कुठल्यातरी मोठ्या शाळेची स्कॉलरशिप मिळेल आणि किंग कंट्रीला तो टीव्हीवरच दिसेल. अपवाद आहेत, बुलरकडून हार्टलँड खेळलेल्या रीफ्टनच्या मार्टी बँक्सने २०१७ ला हायलँडर्स या प्रोफेशनल टीमकडून शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून लायन्सना २३-२२ हरवलं होतं, ती किक बघून वेस्ट कोस्टवर बरेच बियर ग्लास सांडले असणार. पण एका बँक्सवर बारा युनियनचं अस्तित्व टांगून ठेवलंत तर ज्या वर्षी बँक्स निघणार नाही त्या वर्षी काय सांगाल? समोरचा माणूस लगेच कॅल्क्युलेटर काढणार, एका ऑल ब्लॅकमागे इतके लाख डॉलर, बंद करा. तुम्हीच तर त्याच्या हातात कॅल्क्युलेटर दिलात.

मग ठेवायचं कशासाठी? मी काही काळ होकिटिकाला होतो, तेव्हाचं सांगतो. शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला गाड्या नाक मैदानाकडे करून लावलेल्या, पावसात वायपर चालू ठेवून आत बसलेली म्हातारी मंडळी, ट्राय झाला, म्हणजे बॉल पलीकडच्या रेषेपार टेकवला, की टाळ्या नाहीत, हॉर्न. प्रॉप चाळिशीचा, त्याचा पुतण्या विंगवर, आणि लाइनवर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस आदल्याच दिवशी माझ्या घराचा बॉयलर बघून गेलेला. सँडफ्लाय चावत असतात ते वेगळंच. मॅच संपल्यावर दोन्ही टीम क्लबहाउसमधे, अंड्याची सँडविचेस, सॉसेजेस, मिन्स पाय, एका कॅप्टनचं दोन वाक्यांचं भाषण, दुसऱ्याचं त्याहून छोटं. आता यात महान काही नाही. पण त्याच खोलीत एका कोपऱ्यात एक शेतकरी दुसऱ्याला विचारत होता की तुझा दादा कसा आहे, दोन शनिवार दिसला नाही, फोन उचलत नाही, आणि सोमवारी दोघं मिळून त्याच्याकडे जाऊन आले. शेजारचं घर सात-आठ किलोमीटरवर असलेल्या प्रदेशात एखादा माणूस दिसत नाही हे कुणाच्या लक्षात येणार? ते लक्षात येतं कारण दर शनिवारी तो दिसतो. दिसण्याची एक जागा आहे.

पूर्वी अशा जागा बऱ्याच होत्या. १९८८ च्या ५ फेब्रुवारीला न्यूझीलंड सरकारने एका दिवसात ४३२ पोस्ट ऑफिसं बंद केली. तेव्हाही हिशोब अगदी चोख होता, इतकी तिकिटं विकली जातात, इतका पगार जातो, तोटा. त्या हिशोबात एकच गोष्ट धरली नव्हती, पोस्टात माणूस फक्त तिकीट घ्यायला जात नाही. मग बँकेच्या ब्रँच गेल्या, शाळा एकत्र झाल्या, काही गावांत पबसुद्धा बंद झाले. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की सेवा बंद होत नाहीये, फक्त पुढच्या गावात हलवतोय. प्रत्येक वेळी पुढचं गाव आणखी लांब. आता ज्यांच्याकडे क्लबहाउस सोडून सार्वजनिक अशी दुसरी खोलीच राहिली नाही त्यांना तुम्ही सांगताय की युनियनसुद्धा पुढच्या गावात हलवू या, तर ते चिडणार नाहीत तर काय करतील? याला भावनिक होणं म्हणायचं की अनुभव?

कुणी म्हणेल ठीक आहे, क्लब राहू द्या, युनियनच फक्त बंद करा, गावात शनिवारची मॅच तर होणारच. हा मुद्दा चलाख आहे पण खेळ कसा चालतो हे माहीत नसल्याचा आहे. क्लबचा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा होतो तेव्हा त्याला वर बघायला काहीतरी लागतं, जे त्याच्या आवाक्यात आहे. ऑल ब्लॅक होणार नाही हे त्याला सोळाव्या वर्षीच कळलेलं असतं. पण बुलरची जर्सी घालून वेस्टपोर्टच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरवर वेस्ट कोस्टशी रंडल कपची मॅच खेळायची, हे होऊ शकतं. तो कप १९११ पासून या दोघांत फिरतोय, आजोबांनी खेळलेला, काकाने हरलेला. दोन्ही युनियन एक केल्यात तर हा कप कुणाविरुद्ध खेळायचा, आरशाशी? आणि वेस्ट कोस्टवर लक्षात ठेवायला हवं की समोर लीग उभं आहे, रग्बीचाच दुसरा प्रकार. तेरा जणांचं रग्बी लीग तिथल्या खाणकामगारांच्या गावांत, रुनांगा, ब्लॅकबॉलकडे, शंभर वर्षं मुरलेलं आहे. युनियनवाल्यांनी जागा रिकामी केली तर ती जागा रिकामी राहणार नाही, पोरं तिकडे जातील, आणि मग पाच वर्षांनी वेलिंग्टनमधे रिपोर्ट येईल की वेस्ट कोस्टमधे रग्बीची आवड कमी झाली.

ईस्ट कोस्टबद्दल तर हे दुप्पट खरं आहे. तिथे युनियनची हद्द आणि नगाटी पोरोउ या माओरी इवीचा (जमातीचा) प्रदेश बराचसा एकच आहे. जॉर्ज नेपिया, १९२४-२५ च्या ज्या टूरवर ऑल ब्लॅक एकही मॅच हरले नाहीत त्या टूरची प्रत्येक मॅच खेळलेला फुलबॅक, तो पुढे याच भागात रांगिटुकियाला शेती करून राहिला. पुढे १९५० मधे, वय पंचेचाळीस, तो ऑलिम्पियन्स क्लबचा कॅप्टन म्हणून पॉव्हर्टी बेविरुद्ध उतरला तेव्हा समोरचा कॅप्टन त्याचाच मुलगा होता. अशा प्रदेशातल्या लोकांना, ज्यांच्या क्लबांची नावं माराए (माओरींच्या सभेच्या जागा), डोंगर आणि नद्यांच्या आसपासची आहेत, गिझबोर्नच्या टीममधे सामील व्हा म्हणून सांगणं म्हणजे नुसतं स्पोर्ट्स अॅडमिनिस्ट्रेशन नाही. तिथे सरकारने आणि शहराने 'तुमच्या भल्यासाठी' याआधी काय काय एकत्र करून नेलंय याचा इतिहास सगळ्यांच्या तोंडपाठ आहे.

हरण्याचा मुद्दा राहिला. एकतर्फी मॅचवर उपाय टीम पुसून टाकणं हा नाही, बरोबरीच्यांशी खेळवणं हा आहे. आपल्याकडे बघा ना, २०२४ च्या नोव्हेंबरमधे पर्वरीला रणजीच्या प्लेट गटात गोव्याने अरुणाचलला ८४ मधे गुंडाळून ७२७ धावा केल्या, स्नेहल कवठणकर आणि कश्यप बकले दोघांच्याही नाबाद त्रिशतकांसह. तेव्हाही लोक म्हणाले कशाला या टीम. पण गोवा पुढच्या सीझनला वरच्या गटात गेला, अरुणाचल खाली आपल्या बरोबरीच्यांत राहिला, प्लेट गट त्यासाठीच आहे. विदर्भ साठ वर्षं रणजीत कुणाच्या खिजगणतीत नव्हता, मग २०१७-१८ ला जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला. अर्थात ही तुलना फार ताणू नये, विदर्भामागे बीसीसीआयचा पैसा आणि दोन कोटींच्या वर लोक आहेत, बुलरमागे यातलं काहीच नाही, आणि बुलर कधी मोठा चॅम्पियन होईल असा माझा दावाही नाही. दावा एवढाच की हरणारी टीम म्हणजे फुकटची टीम हे गणित कुठेच बरोबर नसतं. स्क्रमचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर पैशाचं आहे: पहिल्या रांगेच्या खेळाडूंना शिकवणारा एक चांगला माणूस चार युनियनमधे फिरता ठेवा, गाडी आणि डिझेल द्या. क्लबच्या मॅचला पंधरा जमत नसतील तर दहा-दहाच्या मॅच अधिकृत करा, पॉइंट धरा, लाजिरवाणं काही नाही त्यात. बाहेरून लोनवर आणलेल्या खेळाडूंची संख्या मोजकीच ठेवा, कारण ती वाढवली की टीम जिंकते खरी पण मग गावाला वाटतं आपण भाड्याने टीम आणलीय, आणि हा दोष छोट्या युनियनच्याच पदरात टाकायला हवा, जिंकायच्या नादात त्यातल्या काहींनी हेच केलंय.

गावाशी नाळ नसलेल्या क्लबचं काय होतं याचा एक नमुना तर आपल्याच देशातला आहे. १८७३ ला कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बी क्लब काढला, बहुतेक पलटणीतली आणि व्यापारी कोठीतली माणसं, आज आहेत उद्या बदली. पाच वर्षांत क्लब आटोपला, बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप करून इंग्लंडला पाठवला. तोच कलकत्ता कप, इंग्लंड-स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. कप फार देखणा आहे, नागाचे कान, वर हत्ती. पण जिथला तो आहे तिथलं रग्बी पुढे दुसऱ्यांनी नव्याने उभं करावं लागलं. वेस्टपोर्ट किंवा रुआतोरियाची गोष्ट नेमकी उलटी आहे, तिथे पैसा नाही, चांदी नाही, पण कुणाची बदली होणार नाहीये.

आणि पैशाचं म्हणाल तर थोडं वरच्या मजल्याकडेही बघू. न्यूझीलंड रग्बीचं २०२४ चं उत्पन्न साडेअठ्ठावीस कोटी डॉलरच्या घरात होतं, विक्रमी, आणि तरी जवळपास दोन कोटींचा तोटा झाला. हा तोटा हार्टलँडच्या खेळाडूंच्या पगाराने झाला असं तर कुणी म्हणणार नाही, कारण त्यांना पगारच नाही. सिल्व्हर लेकसारख्या अमेरिकन फंडाला हिस्सा विकून वीस कोटी डॉलर घेतले, त्याचं समर्थन करताना हेच सांगितलं होतं की पैसा खालपर्यंत पोचेल, ग्रासरूट्स, ग्रासरूट्स. मग तोट्याची चर्चा निघाली की पहिली कात्री ग्रासरूट्सलाच कशी लागते? बारा छोट्या ऑफिसांत बारा सीईओ आहेत, हे जास्त होतात, मान्य. त्यातले सहा कमी करा, पगारपत्रक आणि ऑडिट एका ठिकाणाहून चालवा, बचत होईल तेवढी होऊ द्या. फक्त ती बचत बसच्या डिझेलला आणि फिरत्या कोचला मिळेल असं आधी लिहून द्या, कारण तोंडी आश्वासनांचा कोस्टवरच्या लोकांना भरपूर अनुभव आहे.

आणि समजा उद्या खरंच असं झालं की ईस्ट कोस्टच्या क्लबांनीच, टोलागा बेपासून वर वांगापाराओआपर्यंतच्या, सभा घेतली आणि म्हणाले की आता जमत नाही, आम्हाला पॉव्हर्टी बेबरोबर जायचंय, तर त्यांना अडवणारा मी कोण? जाऊ द्यावं, आणि त्यांच्याच अटींवर जाऊ द्यावं, अर्ध्या मॅच वाकारुआ पार्कवर ठेवून. तसा ठराव अजून तरी तिकडून आलेला नाही. जे ठराव येतायत ते सगळे वेलिंग्टनहून आणि ऑकलंडहून येतायत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तो ईस्ट कोस्टचा एकुलता एक रस्ता, पस्तीस नंबरचा हायवे, कधी गाडीने केलेला नाही.